रंगाच्या आधीचा हुन्नर

परळच्या औद्योगिक इतिहासाचा विषय निघाला, की गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने यांचेच स्मरण प्रथम होते. परंतु याच मुलखात, लोअर परळला, 1920 साली गॅहॅगन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी स्थापन झाली आणि 1957 साली गुडलास नेरोलॅक हे नाव धारण करून पुढे ती घरोघर परिचित झाली, याचा दाखला क्वचितच दिला जातो. कारखान्याची नोंद निदान दप्तरात तरी राहते. रंगाआधी पत्रा घासूनपुसून सिद्ध करणाऱ्या कारागिरांच्या हुन्नराची तेवढीही राहत नाही, म्हणून या शतकाचा मागोवा त्यांच्या बाजूने घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभी सारा कारभार लोखंड आणि लाकूड यांचा होता. लोखंडाचा गंज खरवडावा, शेंदराचे अस्तर द्यावे, वर तेलरंगाचे हात मारावेत, ही रीत पिढ्यानपिढ्या चालली. पुढे बसगाड्यांच्या सांगाड्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढू लागले, तेव्हा मात्र ती अपुरी ठरली. कारण हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो, त्यावर रंगाची पकड नीट बसत नाही, आणि शेंदराचे शिसेयुक्त अस्तर तर ओलाव्यात त्या धातूलाच खाऊ लागते.

नव्या रीतीला सबुरी लागे. थिनरने तेलकटपणा काढायचा, बारीक पॉलिश पेपरने पत्रा घोटायचा, लोखंडी तारेची घासणी मात्र वर्ज्य, कारण तिचे कण रुतून पुढे गंजतात. मग स्वच्छ पाणी ओतायचे, ते अखंड पसरले तर पत्रा तयार, आणि थेंब थेंब होऊन फुटले तर तेल शिल्लक आहे असे समजून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा.

त्यानंतर वॉश प्रायमरचा पातळ हात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या उपयोगासाठी सिद्ध झालेल्या या मिश्रणातील फॉस्फरिक आम्ल धातूला किंचित चावून पकड निर्माण करी आणि झिंक क्रोमेट क्षरण रोखी. परंतु 1990 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमची संयुगे, ज्यांत झिंक क्रोमेटही येते, कर्करोगकारक ठरवली. म्हणजे जे पिवळे अस्तर पत्र्याचे रक्षण करी, तेच फवाऱ्यातून आणि घोटताना उडणाऱ्या धुळीतून कामगाराच्या फुप्फुसांचा घात करू शकत होते.

आता झिर्कोनियमयुक्त द्रावणे आणि क्रोमविरहित प्रायमर उपलब्ध आहेत. पण जुन्या गाडीचा रंग उतरवताना ते जुने अस्तर आजही धूळ होऊन उडते. म्हणून कारागिराला योग्य मास्क आणि धूळ खेचून घेणारा पंखा देणे हाही पूर्वतयारीचाच भाग होय, आणि त्याची तजवीज मालकाच्या मर्जीवर न सोडता कामाच्या दरातच धरली पाहिजे.