गिअरचा कैवारी

टूर द फ्रान्सवर लिहिणारे बहुतेक जण विजेत्यांवर लिहितात. पिवळी जर्सी, तूर्मालेचा घाट, माँ व्हाँतूवर १९६७ साली रस्त्यातच प्राण सोडलेला टॉम सिम्पसन हे सगळं सायकलवेड्या मराठी वाचकांनाही तोंडपाठ असतं. मला मात्र या इतिहासाच्या समासात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने कित्येक वर्षं झपाटलं आहे. शर्यतीशी त्याला कर्तव्य नव्हतं. रात्रभर सायकल हाकत नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला जायचं, पहाटे एखाद्या जुन्या तटबंदीच्या गावात शिरायचं, भाकरी-फळं खायची आणि पुढे निघायचं, एवढाच त्याचा छंद. पण या छंदापायी त्याने टूर द फ्रान्सच्या संस्थापकाशी वाद घातला, आणि माझ्या मते तो वाद जिंकलाही. आज आपण ज्या गिअरवर वरंधा किंवा आंबेनळी चढतो, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

त्याचं नाव पॉल द व्हिव्ही. लिहायचा ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने. जन्म १८५३चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न-ले-फोंतेन या गावातला. नेस्क नदीकाठचं हे गाव कोम्ता व्हनेसँ या पोपच्या मुलखाची १३२० पर्यंत राजधानी होतं, आणि तो मुलूख १७९१ पर्यंत पोपच्याच ताब्यात राहिला. जुन्या कोटाच्या तीन वेशी अजून शाबूत आहेत. त्यांतल्या नोत्र-दाम वेशीसमोर नेस्कवर दगडी पूल आहे आणि पुलाच्या खांबावर चिमुकलं प्रार्थनामंदिर बांधलेलं आहे. गावात शिरणाऱ्याने आधी नदी ओलांडायची, मग देवाला नमस्कार करायचा आणि मग वेशीतून आत जायचं, असा क्रम. गावात चाळीसएक कारंजी आहेत. बाटली भरून घ्यायला सायकलस्वाराला याहून सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही.

पोटापाण्यासाठी द व्हिव्ही सेंट-एतिएनला रेशमाच्या धंद्यात आला. हे शहर कोळशाचं, बंदुकांचं आणि रेशमी फितींचं. १८८१ साली त्याने पहिली सायकल घेतली, पुढचं चाक अवाढव्य असलेली, जुन्या पद्धतीची. १८८७ साली त्याने रेशमाचा धंदा विकून सायकलचं दुकान थाटलं, आणि त्याच वर्षी एक मासिकही काढलं. तेच पुढे ‘ल सिक्लिस्त’ म्हणून प्रसिद्ध झालं. इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीच्या सायकली आणून विकायच्या, त्या स्वतः चालवून पाहायच्या आणि जे आढळेल ते छापायचं, असा त्याचा खाक्या होता. अशी प्रामाणिक प्रयोगशाळा चालवणारा दुकानदार विरळाच.

गिअरचा ध्यास त्याला इथेच का लागला, हे नकाशा पाहिला की उमगतं. सेंट-एतिएन समुद्रसपाटीपासून पाचएकशे मीटरवर आहे. दक्षिणेला पिलाचे डोंगर. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरायचं तर आधी प्लांफ्वा गावावरून ११६१ मीटर उंचीची रिपब्लिक खिंड चढावीच लागते. एकाच गिअरची सायकल सपाटीला जुळवली तर चढावर उतरून ढकलावी लागते. चढाला जुळवली तर उताराला आणि सपाटीला पाय नुसतेच गरगरतात. दारातच घाट असलेल्या माणसाने यावर तोड काढली नसती तरच नवल.

सुरुवातीची तोड अगदी ओबडधोबड होती. पुढे दोन दातेरी चक्रं, आणि चढ आला की खाली उतरून हाताने चेन एका चक्रावरून काढून दुसऱ्यावर चढवायची. मग दोन स्वतंत्र चेनच्या सायकली आल्या. मला सर्वांत मोहक वाटते ती ‘रेत्रो-दिरेक्त’ ही रचना. सेंट-एतिएनच्याच कारखान्यातल्या ‘इरोंदेल’ सायकलींवर ती मिळायची. एकच लांब चेन मागच्या दोन फ्रीव्हीलांवरून अशी फिरवलेली, की पेडल पुढे मारलं तर मोठा गिअर लागे आणि उलटं मारलं तर लहान. म्हणजे घाट आला की स्वाराने पाय उलटे फिरवायचे, आणि सायकल मात्र पुढे चढत राहायची! जुन्या छायाचित्रांत त्या चेनचा वेढा पाहताना त्या कारागिरांना मनोमन दाद द्यावीशी वाटते. डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलवर चेन बाजूला सरकवणारी यंत्रणा, अशाच खटपटींतून घडत गेली. वेलोसिओचं म्हणणं सरळ होतं: माणसाच्या पायाची एक नैसर्गिक लय असते. रस्ता बदलला म्हणून लय बदलू नये, गिअर बदलावा.

आणि इथेच ठिणगी पडली.

आंरी देग्रांज हा वेलोसिओच्या अगदी उलट स्वभावाचा. १८९३ साली पॅरिसच्या बुफालो वेलोड्रोमवर तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून त्याने पहिला तासाचा विक्रम नोंदवला होता. पुढे तो क्रीडा दैनिकाचा संपादक झाला आणि १९०३ साली त्याने टूर द फ्रान्स सुरू केली. माणूस कर्तबगार, यात शंकाच नाही. पण सायकल ही स्नायूंची कसोटी, आणि यंत्राने ती सोपी करणं म्हणजे पुरुषार्थाला बट्टा, अशी त्याची ठाम धारणा होती.

१९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगरी रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली. मार्त हेस नावाच्या स्त्रीने तीन गिअरच्या ‘गोलवाज’ सायकलवर ती पुरी केली, तीही एकदाही जमिनीला पाय न टेकता. गिअरवाल्यांच्या हाती यापेक्षा सबळ पुरावा काय असणार? देग्रांजने त्यावर लेख लिहिला. चाचणी उत्तम झाली असं त्याने कबूल केलं. पण गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, आपण एकाच गिअरवर समाधानी आहोत, यंत्राच्या युक्तीपेक्षा स्नायूंच्या बळावर मिळवलेला विजय श्रेष्ठ, असा त्याचा सूर होता. त्या वेळी वेलोसिओ एकोणपन्नास वर्षांचा होता. टोमणा कोणाला बसत होता ते उघड आहे.

देग्रांजचा शब्द शर्यतीत अखेरचा ठरला. टूरमधल्या स्वारांना घाटाच्या पायथ्याशी सायकलवरून उतरून, मागच्या चाकाचे नट सैल करून, चाक काढून उलटं बसवावं लागे. कारण त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या आकारांची दातेरी चक्रं असत. माथ्यावर पोहोचलं की पुन्हा उतरा, पुन्हा चाक फिरवा. थंडीत, पावसात, बधिर बोटांनी हा उद्योग करणाऱ्या स्वारांचे हाल वाचले की मला देग्रांजचा राग येतो. हा हट्ट तीन दशकांहून जास्त टिकला. १९३६ साली आजारपणामुळे त्याने सूत्रं जाक गोदेकडे सोपवली, आणि पुढच्याच वर्षी, १९३७ साली, टूरमध्ये डिरेलरला मुभा मिळाली. तोवर वेलोसिओला जाऊन सात वर्षं झाली होती.

वादाची जागाही मोठी बोलकी आहे. १९०३च्या पहिल्या टूरचा दुसरा टप्पा ल्यों ते मार्सेय, ३७४ किलोमीटर. तो वेलोसिओच्या दारातल्या रिपब्लिक खिंडीतूनच गेला, आणि टूरने ओलांडलेली हजार मीटरवरची ती पहिली खिंड ठरली. दुसऱ्या वर्षी त्याच चढावर स्थानिक स्वाराच्या चाहत्यांनी रात्रीच्या अंधारात आघाडीच्या स्पर्धकांना मारहाण केली. ज्या रस्त्यावर शर्यतीने दंगा पाहिला, त्याच रस्त्यावरून वेलोसिओ मित्रांना घेऊन रात्री-बेरात्री निवांत वर चढत असे.

त्याची आवडती वाट खिंड ओलांडून बूर-आर्जांतालवरून ऱ्होनला भिडणारी. मग नदीचा हात धरून दक्षिणेकडे: तूर्नों, व्हालांस, पों-सेंत-एस्प्री, आणि अखेर प्रोव्हान्स. ईस्टरच्या सुट्टीतली त्याची ही प्रोव्हान्सवारी मित्रमंडळींत ठरलेली असे. खोऱ्यातून मिस्त्राल हा उत्तरेचा वारा सुटला की जाताना तो पाठीवर हात ठेवतो, आणि येताना तोच छातीवर बसतो. परतीसाठी लहान गिअर का हवा, हे या खोऱ्यात कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

ही वाट एके काळी लुटारूंचीही होती. शंभर वर्षांच्या युद्धात बेकार झालेल्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्यांनी १३६०च्या अखेरीस पों-सेंत-एस्प्री बळकावलं आणि थेट आव्हिन्योंमधल्या पोपच्या दरबाराची नाकेबंदी केली. आव्हिन्योंभोवतीचा आजचा सव्वाचार किलोमीटरचा तट त्याच भयाच्या काळात उभा राहिला. म्हणून आव्हिन्योंच्या वेशीतून आत शिरणारा सायकलस्वार ज्या भिंतीचं कौतुक करतो, ती भिंत रस्त्यावरून येणाऱ्यांना अडवण्यासाठीच बांधली होती. रस्ते निर्धोक झाले आणि त्यांवर सायकल आली, तेव्हा कुठे या भिंती पाहण्याजोग्या झाल्या. आता जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत नदीकाठाने ‘व्हियारोना’ हा आठशे किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आहे.

वेलोसिओच्या लेखनाचा अर्क म्हणजे त्याने घालून दिलेले सात नियम. माझ्या शब्दांत सांगतो: थांबे थोडे आणि छोटे ठेवा, भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, भूक आणि झोप उडेल इतकं थकू नका, थंडी वाजायच्या आधी अंगावर चढवा, उकडायच्या आधी काढा, निदान रस्त्यावर असताना दारू, मांस, तंबाखू टाळा, पहिल्या तासांत तर मुळीच जोर लावू नका, आणि मिरवण्यासाठी पेडल मारू नका. तो स्वतः शाकाहारी होता, एस्परान्तोचा पुरस्कर्ता होता आणि सेनेका त्याचा आवडता लेखक. सातव्या नियमात तो सेनेकाच बोलतो, असं मला वाटतं.

१९३० साली, वयाच्या ७६व्या वर्षी, सेंट-एतिएनच्या रस्त्यात ट्रामची धडक बसून तो गेला. रिपब्लिक खिंडीत त्याचं स्मारक आहे, आणि १९२२ पासून त्याच्या नावाने तो चढ चढण्याचा वार्षिक सोहळा भरतो.

आता आपल्याकडचा धागा. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरची मंडळी आज हौसेने बीआरएम, म्हणजे ठराविक वेळेत पुरे करायचे लांब पल्ल्याचे सायकलप्रवास, करतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. या उपक्रमाचं मूळ ऑदाक्स क्लब पॅरिसियँ या संस्थेत आहे. ‘ऑदाक्स’ची पद्धत फ्रान्समध्ये १९०४ साली रुजवली ती देग्रांजनेच, त्यात सगळ्यांनी कप्तानाच्या मागे एका ठराविक वेगाने जायचं. १९२१ साली क्लबचं त्याच्याशी बिनसलं आणि क्लबने स्वतःच्या वेगाने जाण्याची मोकळीक देणारे ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याचे प्रमाणित सायकलप्रवास, सुरू केले. बीआरएम त्याच परंपरेतलं. याच क्लबने १९४७ साली ‘फ्लेश वेलोसिओ’ सुरू केली: तीन ते पाच जणांच्या चमूने चोवीस तासांत किमान ३६० किलोमीटर चालवत ईस्टरला प्रोव्हान्स गाठायचं. नाव देग्रांजच्या पद्धतीचं राहिलं, आत्मा वेलोसिओचा आला.

आपल्या सायकल ग्रुपमध्ये अजूनही सरासरी वेगाचे आकडे फार मिरवले जातात, आणि सगळ्यांत लहान गिअर टाकून घाट चढणाऱ्याला कमी लेखलं जातं. पंचेचाळिशीच्या आतल्या आणि बाहेरच्याही सर्वांना माझं सांगणं आहे: पुढच्या घाटाला लहान गिअर वेळेवर टाका, पहिला तास हळू जा, आणि वाटेत एखाद्या जुन्या गावाची वेस लागली तर उतरून ती नीट पाहून घ्या.