सौम्य बिअरची चव आणि कराचा आकडा

ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट २०२३ रोजी मद्यावरील कराची नवी पद्धत अमलात आली आणि बिअरच्या धंद्यात ३.४ या आकड्याला एकाएकी महत्त्व प्राप्त झाले. ३.५ टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेल्या बिअरवर शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरमागे ९.२७ पौंड, तर त्यावरच्या नेहमीच्या बिअरवर २१.०१ पौंड कर ठरला. म्हणजे ३.४ टक्क्यांच्या बाटलीबंद पिंटवर सुमारे १८ पेन्स आणि ३.५ टक्क्यांच्या पिंटवर सुमारे ४२ पेन्स. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबनिसांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. वर्षानुवर्षे खपणारी आपली बिअर काहींनी मुकाट्याने ३.४ वर आणून ठेवली. नाव तेच, वेष्टनही तेच.

सौम्य बिअर म्हणजे पाणचट बिअर, हा समज अशा उद्योगांनी बळावतो. तो चुकीचा आहे, हे लंडनच्या बर्मंडसी भागात रेल्वेच्या कमानींखाली सुरू झालेल्या 'द कर्नेल' या छोट्या ब्रुअरीने कराची ही सवलत येण्यापूर्वीच दाखवून दिले होते. तिची सुमारे ३ टक्क्यांची 'टेबल बिअर' आधी कडक बनवून मग सौम्य केलेली नसते. ती मुळातच तशी योजलेली असते.

ही योजना दिसते तितकी सोपी नाही. अल्कोहोल कमी हवे तर मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, कमी घ्यावे लागते आणि त्यामुळे पेयाचा भरीवपणा जातो. तो राखण्यासाठी माल्ट किंचित अधिक उष्ण पाण्यात भिजवतात. त्यामुळे यीस्टला न पचणाऱ्या शर्करा अधिक उरतात. काही जण ओटही घालतात. खरी कसोटी हॉप्सची. या वेलीची फुले दीर्घकाळ उकळली की कडवटपणा उतरतो, पण सुगंध वाफेबरोबर निघून जातो. म्हणून सौम्य बिअरमध्ये बरीचशी फुले उकळी संपताना किंवा आंबवण झाल्यावर थंडपणी घालतात. कडवटपणाला तोलून धरणारा गोडवा येथे थोडाच असल्याने हात जरा सैल सुटला तर पेय निव्वळ कडू होते. कडक बिअरमध्ये असे दोष अल्कोहोलच्या उष्णतेआड लपतात.

चव घेण्याची रीतही त्यामुळे वेगळी. बर्फासारखी थंड बिअर जिभेला बधिर करते. हिला थोडी ऊब लागते. पेला प्रथम नाकाशी न्यावा. लिंबाची किंवा मोसंबीची साल नखाने खरवडावी तसा वास येतो. घोट हलका असतो, फेस मऊ, आणि कडवटपणा येतो तो गिळून झाल्यावर. मेथीच्या भाजीचा कडवटपणा ज्यांना आवडतो त्यांना तो परका वाटू नये. मुख्य म्हणजे दुसऱ्या पेल्याची चवही पहिल्याइतकीच स्पष्ट कळते.

या जातीच्या बिअरला पुष्कळदा 'सेशन आयपीए' म्हणतात. त्यातल्या 'आय'चा अर्थ इंडिया. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी जहाजाने येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत, कारण त्यांच्यामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. गंमत अशी, की ज्या देशाचे नाव या बिअरने घेतले तेथील बहुसंख्य गिऱ्हाईक आज बाटलीवर 'तीव्र' हा शब्द शोधते. आपल्या नियमांत ढोबळ वर्ग दोनच: ५ टक्क्यांपर्यंतची सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची तीव्र. ३ टक्क्यांची बिअर ५ टक्क्यांच्याच खणात बसते. कमी रुपयांत अधिक नशा, हा हिशेब करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानाच्या फळीवर त्याच्यापुढे निवड तेवढीच असते.

पुण्या-मुंबईच्या छोट्या ब्रुअरींपाशी कौशल्य आहे. कराचे टप्पे तीव्रतेनुसार बांधले तर तीन टक्क्यांची चांगली बिअर बनवणे त्यांना परवडेल. मात्र हे टप्पे एकमेकांजवळ हवेत. ब्रिटनप्रमाणे मध्ये एकच उंच पायरी ठेवली, तर येथील मोठे कारखानदारही जुनीच बिअर पातळ करून त्या पायरीखाली नेऊन बसवतील.