थांबता येईल ती पहिली गाडी

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई आणि नाशिकहून आलेल्या बुलेट, हिमालयन अशा भारी गाड्यांची जव्हारच्या रस्त्यांवर रीघ लागते. कोणी दाभोशाचा धबधबा पाहून परत फिरतात, तर कोणी मोखाडा, तोरंगण घाटामार्गे त्र्यंबकेश्वर गाठतात. त्या पाहून इथल्या कितीतरी तरुण-तरुणींच्या मनात आपली पहिली गाडी तिथल्या तिथे पक्की होते. मग पैसे जमवून शोरूममध्ये जायचं, हौसेने सीटवर बसायचं, आणि कळतं की पायाची फक्त बोटं जमिनीला लागताहेत. सोबत आलेला मित्र म्हणतो, "होईल सवय." सवय होते हे खरं. पण ती कोणत्या गाडीवर करायची, याचा विचार पैसे भरण्याआधी व्हायला हवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीच्या व्यक्तीच्या पायाची आतली लांबी, जांघेपासून टाचेपर्यंत, साधारण 68 ते 70 सेंटीमीटर भरते. बुलेट 350 ची सीट जमिनीपासून 805 मिलिमीटरवर असते. हिमालयन 450 ची नेहमीची सीट खालच्या खाचेत बसवली, तरी 825 मिलिमीटरवर राहते. माणूस बसल्यावर शॉकअप दोन-तीन सेंटीमीटर दबतात आणि बुटाचा तळ थोडी भर घालतो. तरीही दोन्ही टाचा टेकणं शक्य नसतं. माहितीपत्रकात सीटची उंची असते, रुंदी नसते. सीट पुढे टाकीजवळ निमुळती असेल, तर मांड्या कमी फाकतात आणि तेवढाच पाय खाली पोचतो. त्यामुळे उंची सारखीच असलेल्या दोन गाड्यांवर बसल्यावरचा अनुभव वेगळा असू शकतो.

उंची कमी म्हणजे गाडी चालवणं जमणार नाही, असं मात्र अजिबात नाही. मोटारसायकल शर्यतींमधला स्पेनचा दानी पेद्रोसा जेमतेम 5 फूट 2 इंचांचा. त्याने 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन जगज्जेतेपदं पटकावली आणि पुढे मोटोजीपीच्या सर्वांत वरच्या वर्गात 31 शर्यती जिंकल्या. चालती मोटारसायकल आपला बराचसा तोल आपणच सांभाळते. कमी उंचीच्या चालकाची खरी अडचण येते ती थांबताना, वळवताना आणि गाडी मागे घेताना. शर्यतीत गाडी धरायला माणसं असतात. खोडाळ्याच्या चढावर चालकाला स्वतःच्या पायावरच उभं राहायचं असतं.

आणि जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर थांबणं सोपं नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. विक्रमगडकडून या, त्र्यंबककडून या किंवा कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे या, चढ-उतार आणि वळणं चुकत नाहीत. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. आपण डावीकडून चालतो आणि शिकवल्याप्रमाणे थांबताना डावा पाय टेकतो. म्हणजे ज्या बाजूला जमीन खोल, त्याच बाजूला पाय जातो. त्यात पावसाने साइडपट्टी धुऊन नेलेली असली, की पाय टेकायला जातो आणि जमीन सापडतच नाही. गाडी डावीकडे कलंडते. चढावर थांबताना तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा लागतो, नाहीतर गाडी मागे सरकते. सगळा भार एकट्या डाव्या पायावर येतो.

यावर उपाय आहे, आणि तो उंचीवर अवलंबून नाही. थांबण्याआधी जमीन पाहायची, कडेच्या खळग्याऐवजी डांबराचा सपाट भाग निवडायचा. कंबर किंचित डावीकडे सरकवली, की एक पाय व्यवस्थित टेकतो. दोन पायांच्या टोकांवर डुगडुगण्यापेक्षा एक पाय पूर्ण टेकलेला केव्हाही बरा. डाव्या वळणाच्या आतल्या बाजूला चढ सर्वांत उभा असतो, तिथे थांबायचं टाळावं. गाडी लावताना तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. निघताना उतारच ती मागे घ्यायला मदत करतो.

मात्र एका पायावर तोलता येईल एवढंच गाडीचं वजन हवं. हीरोच्या स्प्लेंडर प्लसची सीट 785 मिलिमीटरवर आणि वजन 112 किलो. होंडाने 2023 मध्ये आणलेली शाइन 100 जवळपास तेवढ्याच उंचीची, पण अवघ्या 99 किलोंची. हंटर 350 ची सीटही 790 मिलिमीटरवरच आहे, वजन मात्र 181 किलो. बजाज अ‍ॅव्हेंजर 220 ची सीट तर 737 मिलिमीटर इतकी खाली आहे. कमी उंचीच्या माणसाला शोरूममध्ये तीच दाखवली जाते. ती 163 किलोंची आणि लांबलचक आहे. सपाट रस्त्यावर आरामशीर, पण पाड्याच्या अरुंद वाटेवर एकट्याने वळवून पाहा. चिखलात आडवी झालेली गाडी उचलायला दर वेळी कोणी जवळ असेलच असं नाही.

मग स्कूटर का नको? जव्हार गावात बाजारहाट आणि शाळेपुरती ती उत्तमच. पण अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक 10 इंची, स्प्लेंडरची दोन्ही चाकं 18 इंची. खड्डा कोणाला जास्त बसेल हे सांगायला नको. शिवाय घाट उतरताना मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, की इंजिनच तिला धरून ठेवतं. स्कूटरमध्ये हा आधार कमी मिळतो आणि सगळा ताण ब्रेकवर येतो. पाड्यावरच्या शाळेत रोज जाणारी शिक्षिका किंवा घरोघर फिरणारी आशाताई, यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

आवडलेली गाडी थोडीशीच उंच पडत असेल, तर सीटवाल्याकडून फोम दोन-तीन सेंटीमीटर उतरवून पुढच्या कडा निमुळत्या करून घेता येतात. मागच्या शॉकअपचं सेटिंग सर्वांत मऊ खाचेवर ठेवलं, तरी थोडा फरक पडतो. डबल सीट जाताना किंवा तांदळाचं पोतं नेताना ते पुन्हा कडक करावं. शॉकअप बदलून गाडीच खाली बसवणं मात्र इथे नकोच. इंजिनचं पोट दगडांना घासतं, आणि साइड स्टँड तुलनेने लांब होऊन गाडी सरळ उभी राहते, जरा धक्का लागला की पलीकडे पडते.

गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्ससाठी 30 दिवस थांबावं लागतं. ते दिवस हलक्या गाडीवर, सपाट मैदानात क्लच आणि ब्रेकचा हात बसवण्यात घालवावेत.

पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या नवशिक्यासाठी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत 100 ते 110 सीसीची, 115 किलोंच्या आतली गाडीच पहिली असावी. बुलेट पुढच्या वर्षी घेता येईल. आणि शोरूममध्ये नुसतं स्टँडवरच्या गाडीवर बसून पैसे भरू नका. रोज घालता तेच बूट-चपला घालून जा, गाडी जवळच्या चढावर न्यायला सांगा, तिथे थांबा आणि पुन्हा निघून पाहा. शिकाऊ लायसन्स नसेल, तर चालवणाऱ्या जाणत्या माणसाला सोबत न्या आणि बंद गाडी तिथे तोलून, ढकलून पाहा. ती हातात राहिली, तरच घ्या.