प्रथिनं काय सांगतात? गर्भधारणेच्या पट्टीपासून फलटणच्या मेंढीपर्यंत



दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननाचा पाठ आहे. त्यातली संप्रेरकांची नावं मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. घरी मात्र हा विषय कायम चालू असतो. "लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पाळणा हलला नाही." "गाय दोनदा भरवली, दोन्ही वेळा उलटली." मग आपण दोष कुणाच्या तरी माथी मारून मोकळे होतो. घरात तो सुनेच्या माथी जातो, गोठ्यात गायीच्या.

खरं तर शरीर आतून खुणा देत असतं. त्यातल्या बऱ्याच खुणा प्रथिनांच्या असतात आणि त्या मोजता येतात. आज त्याच समजून घेऊ.

प्रथिन म्हणजे फक्त डाळ-अंडी नव्हे

प्रथिन म्हटलं की मुलांना पोषण आहारातली डाळ आठवते. ते बरोबरच आहे. पण शरीर स्वतःही हजारो प्रकारची प्रथिनं तयार करतं. अमिनो आम्लांचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवले की प्रथिनाची माळ होते. मण्यांचा क्रम बदलला की माळेचं काम बदलू शकतं.

काही प्रथिनं निरोप्याचं काम करतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं निघतात. ती बाईच्या अंडाशयाला निरोप देतात, तशीच पुरुषाच्या वृषणालाही देतात. आता निरोप पोचवायचा तर घेणाराही हवा. पेशीवर निरोप घेणारी जी प्रथिनं असतात त्यांना ग्राही म्हणतात. निरोप्या आणि ग्राही, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

पट्टीवरच्या दोन रेघा

आशाताईंच्या पिशवीतलं 'निश्चय' किट आपल्या ओळखीचं आहे. लघवीचे थेंब टाकले की एक किंवा दोन रेघा उमटतात. ही पट्टी एचसीजी नावाचं प्रथिन शोधते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशी, ज्यांची पुढे वार बनते, हे प्रथिन सोडू लागतात. 'पाळी थांबव, अस्तर टिकव' असा त्याचा निरोप असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होतं. म्हणून घाईने केलेली तपासणी नकारार्थी येते आणि आठवड्याने केलेली होकारार्थी येऊ शकते.

एचसीजीच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा साखळी एफएसएच, एलएच आणि थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक यांच्यातही तीच असते. एचसीजीची खरी ओळख बीटा साखळीत आहे. पट्टीवर लावलेली अँटिबॉडी ती बीटा साखळी ओळखते, म्हणून गफलत होत नाही. वर्गात हे दाखवायला दोन रंगांचे मणी पुरतात. लाल माळ चारही संप्रेरकांत सारखी ठेवा आणि दुसरी माळ प्रत्येकाची वेगळी करा. मुलांना पटकन कळतं.

हीच तपासणी १९२८ च्या सुमारास करायची तर बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून तिचं अंडाशय बघावं लागे. आज तेच काम पाच मिनिटांत होतं.

ही पट्टी गायीला का चालत नाही?

एखादं चौकस पोरगं हे विचारेलच. उत्तर सोपं आहे. गाय एचसीजी तयारच करत नाही. माणूस, माकडं आणि घोडीच्या कुळातले प्राणी सोडले तर गर्भाकडून असं संप्रेरक येत नाही. घोडीचं स्वतःचं वेगळं असतं. गाभण घोडीच्या रक्तात ते साधारण चाळिसाव्या दिवसापासून सापडतं. तेच काढून गायी-मेंढ्यांना माजावर आणण्यासाठी इंजेक्शनात वापरतात.

गायीच्या वारेतून मात्र पीएजी नावाची प्रथिनं रक्तात आणि दुधात उतरतात. रेतनानंतर २८ दिवसांच्या आसपास ती तपासता येतात. हात घालून खात्रीने सांगायला बहुतेक वेळा दोन महिने थांबावं लागतं. गायीचा माज २१ दिवसांनी फिरतो. म्हणजे गाय रिकामी आहे हे महिनाभर उशिरा कळलं, तर एक माज हातचा गेला. तेवढे दिवस चारा चालू आणि पुढचं वेत लांबलं. कोरडवाहू भागात एका दुभत्या जनावरावर घर चालवणाऱ्याला हा हिशेब सांगावा लागत नाही. एक काळजी घ्यायची. व्याल्यानंतर काही आठवडे जुनं पीएजी रक्तात रेंगाळतं, म्हणून तेव्हाची तपासणी फसवू शकते.

फलटणची मेंढी

आता आपल्या महाराष्ट्रातलं एक नामी उदाहरण. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने लहान, पण तिला जुळी-तिळी होतात. साताऱ्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (नारी) १९९० च्या दशकात गरोळ आणून दख्खनीशी संकर सुरू केला. डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेलं. त्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञही होते. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली.

गुपित एका ग्राही प्रथिनात निघालं. त्याची माळ सुमारे ५०० मण्यांची आहे. त्यातला २४९ वा मणी बदललेला असतो, ग्लुटामीनच्या जागी आर्जिनीन. एवढ्याने तो ग्राही निरोप जरा कमी घेतो. मग अंडाशयातल्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एकाऐवजी दोन किंवा जास्त बीजं सुटतात. हा बदल २००१ मध्ये शोधला गेला, तो ऑस्ट्रेलियातल्या 'बूरूला' मेंढीत. पुढे गरोळमध्येही तोच सापडला. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. म्हणजे बंगालचं देणं ऑस्ट्रेलिया फिरून फलटणला ओळखू आलं.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. हा गुण मेंढ्याच्या, म्हणजे नराच्या रक्तातही सापडतो. तो कधी वीत नाही, पण त्याच्या मुलींना जुळी होतील की नाही हे त्याची रक्त तपासणी सांगते. कळपात जुळी होत नाहीत म्हणून फक्त माद्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आणि जास्त म्हणजे चांगलंच, असंही नाही. जुळी कोकरं वजनाने हलकी असतात. आईला खुराक हवा, दुधाकडे लक्ष हवं. चारा नसेल तर जुळ्यांचा फायदा हातात राहत नाही.

माणसाकडे वळू

स्त्रियांसाठी सध्या एएमएच या प्रथिनाची तपासणी बरीच होते. अंडाशयातल्या लहान पुटिका ते सोडतात, त्यामुळे बीजांचा साठा साधारण किती आहे हे कळतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात औषधाचा डोस ठरवायला ते उपयोगी पडतं. पण एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा अमेरिकेतला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिक गर्भधारणेत कमी यश मिळाल्याचं त्यात दिसलं नाही. साठा किती हा एक प्रश्न आहे, दिवस राहतील का हा दुसरा.

पुरुषांसाठी पहिली तपासणी वीर्याची. ती सोपी आणि स्वस्त आहे, पण बऱ्याच घरांत ती सगळ्यात शेवटी होते. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. वीर्यात शुक्राणूच नसतील तर ते तयार होत नाहीत की वाट अडली आहे, हे टेक्स१०१ आणि ईसीएम१ या वीर्यातल्या दोन प्रथिनांवरून सांगता येईल, असं कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं. असं झालं तर काही जणांची वृषणाचा तुकडा काढून करायची तपासणी टळू शकते.

उपचारातही हीच प्रथिनं कामाला येतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आज अशा उपचारांत एफएसएचची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं वाढवतात.

उलट दिशेनेही प्रयत्न झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी एचसीजीविरुद्ध लस बनवली. १९९४ च्या अहवालात १४८ पैकी ११९ स्त्रियांत पुरेशा अँटिबॉडी तयार झाल्या. त्या पातळीवर १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली आणि अँटिबॉडी उतरल्यावर पुन्हा दिवस राहू शकले. त्याच काळात अशा लसींना स्त्री-आरोग्य संघटनांनी विरोधही केला. प्रश्न रास्त होता. लस टोचली की ती बाईला मधेच थांबवता येत नाही, मग निर्णय नक्की कुणाचा? मेंढीचा निर्णय मेंढपाळ घेतो. बाईचा निर्णय बाईचाच असायला हवा.

वर्गात आणि घरी

– मुलांना नावं पाठ करायला लावण्याआधी निरोप्या आणि ग्राही यांचा खेळ घ्या. निरोप्याने चिठ्ठी दिली पण घेणाऱ्याने डोळे मिटले, तर काय होईल?

– 'वांझ', 'भाकड' हे शब्द वर्गात आले तर रागवून गप्प करू नका. कारण किती ठिकाणी असू शकतं ते फळ्यावर लिहा: पियुषिका, अंडाशय, वृषण, नलिका, गर्भाशय. यादी पाहिली की दोष एकाच माणसाचा, ही समजूत आपोआप ढिली होते.

– पालकहो, घरात कुणाला मूल होत नसेल तर तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी. रिपोर्टमधला एक आकडा पाहून निकाल लावू नका, डॉक्टरांना पूर्ण अर्थ विचारा. उपवास-तापासात गेलेली वर्षं परत येत नाहीत.

प्रथिन मोजता येतं. ते शरीरातल्या एका जागची एक खबर देतं. त्यावरून माणसाची किंमत कुणी ठरवू नये, एवढं तरी आपल्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांना कळायला हवं.