घोडीवरचा सुती दोरा

भिलाईत तुमच्या घरी मिरजेचा तंबोरा असेल, तर घोडीवर तारांखाली घातलेला सुती दोरा बघा. तो काढून तार छेडा, स्वर कोरडा वाटेल. पुन्हा घालून हळूहळू सरकवा. एका जागी स्वर गुंजू लागतो. हीच जवारी.

इराणी सहताराची रीत उलटी. आपली घोडी, तर त्यांचे ‘खरक’, म्हणजे छोटे गाढव! मानेवरच्या पट्टीला ते ‘शैतानक’, छोटा सैतान म्हणतात. तिच्या खाचेतून तार नेमकी कडेवर सुटली पाहिजे. नाहीतर ती झणझणते आणि तो दोष ठरतो.

आपण तीच झणझण मुद्दाम घडवतो. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित बाकदार. कंप पावणारी तार तिला सतत टेकते आणि सुटते, त्यातून वरचे उपस्वर जागे होतात. एरवी तार जिथे छेडावी, तिथे स्थिर राहणारे उपस्वर उमटत नाहीत. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण घासून खाचलेली घोडी मानांकनाने बोलत नाही. दोरा सरकवूनही गुंज येत नसेल, तर घरी पॉलिशपेपर लावू नका. कानशीवर हात बसलेला कारागीर गाठा.