लिटर मोजू नका, फॅट पाहा

डेअरीवर दूध घालणाऱ्या घरात हे कुणाला समजावून सांगायला नको, की भाव नुसत्या लिटरवर ठरत नाही. कॅन काठोकाठ भरून गेला तरी फॅट कमी लागली की पावती पाहून घरधनीण गप्प होते. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्या आपल्या मुला-सुनांना मात्र हीच गोष्ट सांगावी लागते. कुणी गोठ्याचे, कुणी चुलीवरच्या भाकरीचे, कुणी ठिबकच्या दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतो. रात्री जेवणे झाली की सारे घर मोबाइलभोवती जमते आणि प्रश्न एकच, "किती जणांनी पाहिला?" आकडा दोनशेच्या पुढे सरकेना की उत्साह मावळतो, मग घरातली थोरली माणसे म्हणतात, "त्यापेक्षा दोन वाफे खुरपले असते!"

वाचकहो, "किती जणांनी पाहिला" हे झाले लिटर. "किती वेळ पाहिला" ही फॅट. २०१२ च्या ऑक्टोबरात यूट्यूबने आपले गणित बदलले आणि नुसत्या व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला अधिक वजन दिले. हा वेळ पाहण्याची सोय फुकट आहे. 'यूट्यूब स्टुडिओ' नावाचे ॲप घ्या, त्यात आपला व्हिडिओ उघडा आणि 'ॲनालिटिक्स'वर बोट ठेवा.

तिथे एक उतरती रेघ दिसेल. कितव्या सेकंदाला किती माणसे उरली, ते ही रेघ सांगते. समजा, तुम्ही जीवामृताचा व्हिडिओ केलात. सुरुवातीला गणपतीचे चित्र, मग गाणे, मग सरपंचांपासून सर्वांना नमस्कार, असा मिनिटभर पसारा. रेघ तिथेच विहिरीत पडावी तशी पडते! पुढे तुम्ही प्रमाण सांगता : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. तिथे रेघ उंचवटा घेते, म्हणजे लोक मागे जाऊन तेवढेच पुन्हा पाहत आहेत, कदाचित कागद-पेन्सिल घेऊन बसले आहेत. आता पुढच्या व्हिडिओत काय करायचे, हे वेगळे सांगायला हवे का? प्रमाण आधी सांगा, ठळक अक्षरांत पडद्यावर लिहा, आणि नमस्कार एका वाक्यात उरका.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट, लोक काय शोधत तुमच्याकडे आले. त्यांनी टाईप केलेले शब्दही तिथे मिळतात. तुम्ही 'द्रवरूप सेंद्रिय संवर्धक' असे भारदस्त नाव दिलेत आणि लोक 'जीवामृत कसे बनवायचे' असे शोधत असतील, तर तुमचे दुकान चुकीच्या गल्लीत आहे. शिवाय व्हिडिओचे चित्र शंभर वेळा दाखवल्यावर किती वेळा त्यावर बोट पडले, तोही आकडा असतो. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांत तो २ ते १० च्या दरम्यान असतो. तेव्हा चार आला म्हणून रडत बसू नये. आणि एका व्हिडिओवरून निकाल लावू नये. चाळीस जणांनी पाहिलेल्या व्हिडिओची रेघ म्हणजे एका कणसावरून शेताचा अंदाज. आठ-दहा व्हिडिओ शेजारी ठेवून पाहावे, तेही व्हिडिओ टाकल्यावर दोन-तीन दिवस जाऊ देऊन.

पैशाचे विचाराल तर हिशेब रोखठोक आहे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे लागते. छोट्या 'शॉर्ट्स'चा मार्ग वेगळा आहे, शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेला वेळ या तासांत धरत नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. दर खेपेला माणूस दोन मिनिटे थांबला तर १,२०,००० व्ह्यूज हवेत, चार मिनिटे थांबला तर ६०,००० पुरतात. फॅट म्हणतो ती हीच! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांच्या 'आपली आजी' या चॅनेलचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण प्रत्येक गावातून तसे चॅनेल निघेल या भरवशावर कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. घरचा मोबाइल आणि खिडकीचा उजेड पुष्कळ झाला.

एक मोह मात्र मोठा वाईट. 'एकरात १५ लाख' असे नाव दिले की बोटे भराभर पडतात. लिटर वाढते, पण आत तसे काही नसले तर माणसे अर्ध्या मिनिटात निघून जातात आणि रेघ तुमची चोरी पकडते. जे थांबतात त्यांचे काय? त्यातला एखादा खरेच ते बेणे घेतो, सोसायटीचे पैसे घालतो आणि त्याचा हंगाम जातो. हा तोटा कोणत्याच आलेखात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रेक्षकांत पुरुष किती, स्त्रिया किती, हेही स्टुडिओ सांगतो, पुरेसे प्रेक्षक असतील तर. पण आपल्याकडे एका फोनवर चौघे पाहतात. मुलाच्या खात्यावर आई लोणच्याचा व्हिडिओ पाहत असेल, तर आकड्यात ती मुलगा म्हणूनच लागणार. म्हणून 'बायका आपले पाहतच नाहीत' असे ठरवण्याआधी शेजारच्या वहिनींना एकदा विचारा.