कोष्टकांतील स्तंभांचीं नांवें

वाचनालयांत नव्यानें आलेला सुज्ञ वाचक कपाटें धुंडाळीत नाहीं. तो सूचिपत्र मागतो. संगणकांतील माहितीच्या कोष्टकाचेंही तसेंच आहे. दुसऱ्यानें रचलेल्या कोष्टकाचे स्तंभ, म्हणजे कॉलम, अंदाजानें वाचणें घातक होय. जमेचा समजलेला स्तंभ थकबाकीचा निघाला तर सारा हिशेब बुडाला! बरें, केवळ नांवांसाठीं लाखों ओळी ओढून आणणें हाही निव्वळ अपव्ययच.

कोष्टकरूप माहितीचा सिद्धान्त १९७० सालीं मांडणाऱ्या एडगर कॉड यांनीं १९८५ मध्यें असा दंडक घातला कीं, कोष्टकांचें वर्णनही कोष्टकांतच असावें. म्हणजे ज्या भाषेंत माहिती विचारावयाची, तिच्यांतच तें वर्णनही विचारतां येईल. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणांत त्यासाठीं ‘इन्फर्मेशन स्कीमा’ आला. त्यांतील ‘कॉलम्स’ या सूचीस कोष्टकाचें नांव सांगितलें कीं स्तंभांचीं नांवें, क्रम व प्रकार एकदम हातीं येतात. मायएसक्यूएल व पोस्टग्रेस यांत ही सोय आहे. ओरॅकलचा सुभा मात्र सवता. तेथें ‘ऑल टॅब कॉलम्स’ पाहावें लागतें.

आणखी एक युक्ति आहे. ‘एक बरोबर शून्य’ ही कधींच खरी न होणारी अट घालून सर्व स्तंभ मागावे. ओळ एकही येत नाहीं, मथळे तेवढे येतात. मायएसक्यूएलच्या साध्या आज्ञा-खिडकींत मात्र ओळ नसली कीं मथळाही दिसत नाहीं. तेथें ‘डिस्क्राइब’ ही आज्ञाच बरी.